शो रूट, व्हाया कापूरहोळ

भोरच्या एसटी स्थानकावर पावसाळ्यात महाडची चौकशी करणारा माणूस एका उत्तरावर कधीच थांबत नाही. खिडकीतून 'वरंधा घाट बंद आहे' असं ऐकलं तरी तो बाहेर येऊन रिक्षावाल्याला विचारतो, मग चहाच्या टपरीवर विचारतो आणि शेवटी हिर्डोशीहून दूध घेऊन आलेल्या टेम्पोवाल्याला गाठतो. "निघालो तवा तर चालू व्हता," टेम्पोवाला म्हणतो. इथून पुढे उलटतपासणी. तुम्ही स्वतः पाहिला का? नाही, शिरगावचा पाहुणा म्हणत होता. पाहुणा कधी म्हणाला? काल रात्री जेवताना. म्हणजे बातमी रात्रभर मुरलेली, दोन तोंडांतून आलेली, आणि सांगणारा घाटाच्या अलीकडूनच परतलेला. विचारणारा मान हलवतो आणि ताम्हिणी घाटाचा विचार करू लागतो.

संगणकांच्या जाळ्यात राउटर नावाची पेटी असते. ती जन्मभर हेच करते: शेजाऱ्यांकडून रस्त्यांच्या बातम्या ऐकते, त्यातल्या खऱ्या वाटतील त्या तक्त्यात लिहून ठेवते आणि येणारं प्रत्येक पाकीट त्या भरवशावर पुढे ढकलते. फरक इतकाच, की पेटीला उलटतपासणीची गरज पडत नाही. सिस्को कंपनीच्या राउटरसमोर बसून 'शो आयपी रूट' एवढं टाइप केलं की ती सगळं ओकून मोकळी होते. प्रत्येक ओळीच्या आरंभी एक अक्षर. 'सी' म्हणजे स्वतःच्या दारातला, थेट जोडलेला रस्ता. 'एस' म्हणजे कुणा साहेबाने हाताने लिहून दिलेला. 'आर' म्हणजे रिप या पद्धतीने शेजाऱ्याकडून ऐकलेला. पुढे मुक्काम, मग चौकटी कंसात दोन आकडे, मग 'व्हाया' कोण, आणि त्यानंतर ही बातमी शेवटची कानावर येऊन किती तास, किती मिनिटं, किती सेकंद झाले तेही. इतका प्रामाणिक साक्षीदार तालुका कोर्टातसुद्धा मिळणं कठीण.

हिर्डोशीच्या टेम्पोवाल्याची साक्ष या पेटीने मात्र नोंदवूनच घेतली नसती. रिपमध्ये शेजारी दर ३० सेकंदांनी आपला सगळा तक्ता पुन्हा म्हणून दाखवतो. १८० सेकंद त्याचा आवाज आला नाही, की त्याच्याकडून कळलेला रस्ता 'बहुधा बंद' असा शेरा मिळवतो, आणि २४० सेकंदांनी त्याचं नाव तक्त्यातून कटतं. रात्रीच्या जेवणावेळची बातमी सकाळी खपवणं फक्त माणसांना जमतं.

आता या सगळ्यात जुनं काय, तर बरंच काही. १९८४ साली लिओनार्ड बोसॅक आणि सँडी लर्नर या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जोडप्याने सिस्को काढली, त्या सुमारास संगणकांच्या जगात आयपी हा अनेक प्रोटोकॉल्सपैकी, म्हणजे बोलण्याच्या रिवाजांपैकी, एक होता. नॉव्हेलच्या नेटवेअरवर चालणाऱ्या कचेऱ्या आयपीएक्स बोलत. ॲपलवाले ॲपलटॉक. डिजिटल कंपनीच्या मोठ्या यंत्रांभोवती डेकनेटचा कारभार. बॅनियन कंपनीची व्हाइन्स निराळी. झेरॉक्स कंपनीने एक्सएनएस नावाची पद्धत काढली आणि नॉव्हेलने आयपीएक्स तिच्यावरून बेतला. म्हणजे जगातल्या हजारो कचेऱ्या वर्षानुवर्षं ज्यावर चालल्या, तो अक्षरशः झेरॉक्स होता. सिस्कोच्या पेटीने ही सगळी बिऱ्हाडं एका वाड्यात ठेवून घेतली. प्रत्येकाची चूल वेगळी, तक्ता वेगळा, आणि एकाच्या घरात काय शिजतंय ते दुसऱ्याला कळण्याची सोय नाही.

म्हणून विचारणाही वेगवेगळी. 'शो आयपीएक्स रूट', 'शो ॲपलटॉक रूट', 'शो डेकनेट रूट', 'शो व्हाइन्स नेबर्स', 'शो एक्सएनएस रूट'. १९९८ साली सुरू झालेल्या सीसीएनए परीक्षेच्या पहिल्या आवृत्त्यांत आयपीएक्स अभ्यासक्रमाला होता. पुढे प्रत्यक्ष नोकरीत तो भेटला नाही असे कितीतरी इंजिनिअर आहेत, पण त्यांना 'शो आयपीएक्स सर्व्हर्स' अजून पाठ आहे. शाळेत पाठ केलेल्या मोरोपंतांच्या आर्येचं जे होतं तेच: उपयोग कधी पडला नाही, विसरताही आली नाही.

सगळ्या बिऱ्हाडांची हजेरी एकदम घ्यायची तर 'शो प्रोटोकॉल्स'. पेटी एकेकाचं नाव घेऊन सांगते की अमक्याची वाटाघाट चालू आहे, तमक्याची चालू आहे. मग दारांची, म्हणजे तारा जिथे जोडतात त्या जागांची, स्थिती. इथे एक मौज आहे. प्रत्येक दाराबद्दल पेटी दोनदा बोलते: दार 'अप' आहे का, आणि त्यावरचा 'लाइन प्रोटोकॉल' अप आहे का. दार अप, प्रोटोकॉल डाउन हाही प्रकार असतो. वेल्ह्याच्या स्थानकात लागलेल्या गाडीकडे पाहून तो चटकन समजतो. गाडी फलाटावर आहे, दार उघडं आहे, प्रवासी बसलेत, मागच्या बाकावर कोंबड्याही बसल्यात. वाहकाचा पत्ता नाही. अप, डाउन.

आणि तिसरी स्थिती: 'ॲडमिनिस्ट्रेटिव्हली डाउन'. तार तुटलेली नाही, वीज गेलेली नाही, कुणीतरी अधिकाराने हुकूम देऊन दार लावून घेतलंय. वरंधा घाटाला राउटरच्या शब्दकोशातला दुसरा कोणताही शब्द इतका चपखल बसणार नाही. अलीकडच्या बहुतेक पावसाळ्यांत जिल्हा प्रशासनाचा आदेश निघतो आणि भोर-महाड रस्ता कधी जड वाहनांना, कधी सगळ्याच वाहनांना बंद होतो. दरड कोसळली तर तो नुसता डाउन. आदेश निघाला तर ॲडमिनिस्ट्रेटिव्हली डाउन. निगुडघरच्या टपरीवर या दोन्हीतला भेद बारकाईने पाळला जातो, कारण पहिल्या प्रकारात परत फिरावं लागतं आणि दुसऱ्या प्रकारात निदान आधी वाद घालता येतो.

मघाशी चौकटी कंसातले दोन आकडे सोडून दिले होते. त्यातला पहिला आकडा म्हणजे सांगणाऱ्याची पत. पेटीच्या भाषेत आकडा जितका लहान, तितकी पत मोठी. स्वतःच्या दारातला रस्ता: ०. साहेबाने लिहून दिलेला: १. ओएसपीएफ नावाच्या, नकाशा काढून हिशेब करणाऱ्या हुशार पद्धतीने आलेला: ११०. रिपने ऐकलेला: १२०. आणि २५५ म्हणजे हा माणूस काहीही म्हणो, ऐकायचंच नाही. गावात अशी यादी प्रत्येकाच्या डोक्यात असते, फक्त २५५ वाल्याला ती दाखवत नाहीत.

पत सांगणाऱ्या या यादीत साहेबाचा शब्द इतका वर असणं मात्र धोक्याचं आहे. हाताने लिहिलेला रस्ता पुढे कोसळला तरी पेटीला कळत नाही. आपल्या दारातली तार जिवंत असेपर्यंत ती पाकिटं त्याच वाटेने पाठवत राहते, आणि ती पुढे कुठल्या दरीत पडतात याची तिला गंधवार्ता नसते. भोर-महाड रस्त्याच्या कडेचे किलोमीटरचे दगड याच जातीचे. आदेश निघो, दरड येवो, ते भर पावसात महाड तितकंच जवळ असल्याचं सांगत उभे असतात.

उलट 'आर' वाले, म्हणजे ऐकीव माहितीवर चालणारे, चंचल खरे, पण निदान कान उघडे ठेवतात. रिपचा कायदा चार्ल्स हेड्रिक यांनी जून १९८८ मध्ये आरएफसी १०५८ या दस्तऐवजात लिहून काढला. पद्धत त्याआधीपासून रुळलेली होती, त्यांनी फक्त ती कागदावर बसवली. जाळ्यांचे इंजिनिअर आपसात हिला 'अफवेवर चालणारी वाट' म्हणतात, आणि ते खोटं नाही. इथे कोणत्याही राउटरने संपूर्ण रस्ता पाहिलेला नसतो. शेजारी म्हणाला 'माझ्यापासून महाड दोन टप्पे', की आपण आपला एक मिळवायचा आणि पुढच्या शेजाऱ्याला 'तीन' म्हणून सांगायचं.

यातून जो घोळ होतो तो प्रत्यक्ष पाहावा असाच आहे. समजा हिर्डोशीच्या टपरीचा महाडशी थेट संबंध, म्हणजे एक टप्पा. निगुडघरच्या टपरीने तिच्याकडून ऐकलं, म्हणून तिच्या तक्त्यात दोन. आता घाटात दरड आली. हिर्डोशीने आपला रस्ता खोडला, पण ही बातमी पुढे सांगण्याआधीच निगुडघरची नेहमीची तीस सेकंदांची आरोळी आली: "महाड दोन टप्प्यांत!" हिर्डोशीला हायसं वाटतं. अरे वा, यांच्याकडे दुसरी वाट दिसते. ती लिहिते: महाड, तीन, व्हाया निगुडघर. निगुडघर ऐकते: हिर्डोशी आता तीन म्हणतेय, तर आपले चार. हिर्डोशी ऐकते चार, लिहिते पाच. अशा रीतीने दोन टपऱ्या एकमेकींच्या भरवशावर, अतिशय चोख हिशेब ठेवून, कोसळलेल्या घाटाची खात्री देत बसतात. महाडचा प्रवासी हिर्डोशीहून निगुडघरला आणि निगुडघरहून हिर्डोशीला पाठवला जातो. दोन्हीकडे त्याचा चहा होतो.

हे अनंतकाळ चालू नये म्हणून रिपने अनंतालाच वेसण घातली. १५ टप्प्यांपर्यंतचं जग खरं, १६ म्हणजे अनंत. गणितज्ञांना ज्याचा थांग लागला नाही, त्याला या मंडळींनी नंबर दिला. १६ आलं की रस्ता नाही असं समजून दोन्ही टपऱ्या गप्प होतात. शिवाय आणखी एक नियम घातला: ज्याच्याकडून बातमी ऐकली, त्यालाच ती परत सांगायची नाही. याला 'स्प्लिट होरायझन' म्हणतात. हा नियम गावात लागू झाला तर निम्म्या टपऱ्या बंद पडतील. तिसरा नियम धीराचा: एखादा रस्ता गेल्याचं कळलं, की १८० सेकंद त्याच्याबद्दल कुणी कितीही गोड बातमी आणली तरी कानाआड करायची. सिस्कोच्या पेटीत याला 'होल्डडाउन' म्हणतात.

रिपची दुसरी खोड अशी, की ती टप्पे मोजते, रस्ता कसा आहे ते बघत नाही. पुण्याहून वेल्ह्याला जायच्या दोन वाटा. एक महामार्गाने चेलाडी फाट्यापर्यंत, तिथून नसरापूर, मार्गासनी करत. दुसरी खडकवासल्यावरून खानापूर, रांजणे आणि पाबे घाट चढून. तक्त्यात रिप टप्पे मोजील, जिकडे एक टप्पा कमी तिकडे खुशाल पाठवील. घाटात वळण किती, चढ किती, म्हैस आडवी उभी आहे का, याची तिला फिकीर नाही. खऱ्या जाळ्यांत याच खोडीपायी रुंद फायबर शेजारी मोकळी पडलेली असताना पाकिटं मुंगीच्या गतीच्या जुन्या तारेवरून गेली आहेत, कारण तिकडून एक टप्पा वाचत होता. सिस्कोने म्हणून आयजीआरपी काढली, तिने तारेची रुंदी आणि विलंब मोजायला घेतला. तीही पुढे जुन्यात जमा झाली.

ॲपलटॉकचा स्वभाव निराळा, जरासा घाबरट. तिथे बातम्यांची फेरी दर १० सेकंदांनी. 'शो ॲपलटॉक रूट' म्हटलं की प्रत्येक रस्त्यापुढे त्याची चालचलणूक लिहिलेली: चांगला, संशयित किंवा वाईट. शेजारी वेळेवर बोलला नाही की चांगला रस्ता आधी संशयित होतो, मग वाईट, मग हद्दपार. आयपीच्या तक्त्यात ही मधली पायरी इतकी ठळक नाही. जुलै महिन्यात वरंध्याचा फलक लिहायचा असेल तर ॲपलटॉकची ही भाषा उसनी घ्यायला हरकत नाही.

पण ॲपलटॉकची खरी शान म्हणजे झोन. १९८५ च्या सुमारास मॅक आणि लेझर छपाईयंत्रं एका तारेत गुंफायला निघालेल्या ॲपलने ठरवलं, की माणसाला नंबर लक्षात ठेवायला लावायचा नाही. जाळ्याच्या भागांना नावं द्यायची आणि त्यांतून निवडायचं. 'शो ॲपलटॉक झोन' ही आज्ञा ती नावं दाखवते. भोर-वेल्ह्याला हे नवं नाही. हिरडस मावळ, गुंजण मावळ, रोहिड खोरं, कानद खोरं, वेळवंड खोरं: तालुक्याच्या हद्दी नंतर आल्या, पिन कोड त्याहून नंतर, पण जुन्या माणसाला गाव विचारलं की तो खोरं सांगतो. झोनही असाच, एका तारेला बांधलेला नाही, चार तारांवर पसरू शकतो.

झोनचं नाव बदलणं हे मात्र महाकठीण. नुसतं नवं नाव लिहून भागत नाही. त्या जाळ्यातल्या सगळ्या राउटरांवर ॲपलटॉक थांबवून दहाएक मिनिटं बसून राहावं लागतं, म्हणजे बाकीच्या राउटरांच्या डोक्यातलं जुनं नाव आपसूक झडून जातं. घाई केली तर जुनं आणि नवं दोन्ही नांदू लागतात. राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव द्यायचं ठरवलं. कारणही भक्कम, शिवाजी महाराजांची राजधानी पंचवीसेक वर्षं याच तालुक्यातल्या राजगडावर होती. पण चेलाडी फाट्यावरच्या वडाप जीपवाल्यांना दहा मिनिटं गप्प बसवायला कुणी गेलं नाही. ते 'वेल्हे, वेल्हे, वेल्हे' ओरडतायत, आणि राजगडला जाणारा पर्यटक त्याच जीपमध्ये बसतोय. दोन्ही झोन एका गाडीत.

आयपीएक्सबद्दल सांगायचं तर तो दवंडीवाल्यांचा प्रोटोकॉल होता. जाळ्यावरचा प्रत्येक सर्व्हर, प्रत्येक छपाईयंत्र दर ६० सेकंदांनी जाहीर करायचं, की मी अमका, मी इथे, मी ही सेवा देतो. एका मजल्यावर हे चालून गेलं. पण दोन शहरांमधल्या चिंचोळ्या तारेवर जेव्हा दोनशे यंत्रांची दवंडी दर मिनिटाला फिरू लागली, तेव्हा कामाच्या फायलींना जागाच उरेना. सकाळी नऊला कचेरी उघडायच्या आधीच तारेचा अर्धा जीव 'मी छपाईयंत्र, तिसरा मजला' ऐकण्यात जायचा. 'शो आयपीएक्स सर्व्हर्स' मारलं की ही सगळी गर्दी नावानिशी पडद्यावर. डेकनेटचं थोडक्यात: ६३ विभाग, प्रत्येक विभागात १०२३ जण, एकही जास्त नाही. शिस्तीचं घर, म्हणून कुणी हसलं नाही.

मग एकेकाला निरोप मिळत गेला. ॲपलने २००९ च्या स्नो लेपर्डमध्ये ॲपलटॉक काढून टाकला. लिनक्सने २०१८ मध्ये आयपीएक्स गाभ्यातून उचलून बाहेर ठेवला आणि २०२२ च्या अखेरीस डेकनेट. सिस्कोच्या नव्या आवृत्त्यांत 'शो आयपीएक्स रूट' टाइप केलं तर पेटी चुकलेल्या अक्षराखाली एक छोटं टोपीसारखं चिन्ह काढून दाखवते, की इथून पुढे मला काही कळलं नाही. त्याआधीचा 'शो' तिला कळलेला असतो, हे त्यातल्या त्यात समाधान.

भोर-वेल्ह्याच्या डोंगरात निरोप देणं इतकं सोपं नाही. केळदच्या पुढे मढे घाट आहे. १६७० मध्ये सिंहगडावर पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांचा देह याच वाटेने उमरठ्याला नेला, असं परंपरा सांगते. या वाटेवर चाक कधी चाललं नाही. कोणत्याही मोटारीच्या हिशेबात ती नाही. तरी ती तक्त्यात आहे, आणि पावसाळ्यात शनिवार-रविवारी तिच्यावर इतकी वर्दळ असते की वरंध्याला हेवा वाटावा. सगळे धबधबा बघायला येतात, उतरून कोकणात जाणारे थोडे, पण वाट जिवंत ठेवायला तेवढे पुरतात.

आणि सरकारी कामातसुद्धा जुना प्रोटोकॉल अधूनमधून धूळ झटकून उभा राहतो. ७ मे २०२४ ला बारामती लोकसभा मतदारसंघात मतदान झालं. भोर, वेल्हे, मुळशी हा पट्टा याच मतदारसंघात. दर दोन तासांनी मतदानाची टक्केवारी वर कळवायची, असा निवडणुकीचा दंडक. पण डोंगरातल्या काही केंद्रांवर मोबाइलची एक दांडीही येत नाही. अशा केंद्रांसाठी निवडणूक यंत्रणेच्या नियोजनात वायरलेस असतो आणि त्यासोबत एक अस्सल पद असतं: रनर. म्हणजे केंद्रावरून निघून रेंज मिळेल त्या टेकाडापर्यंत जाणारा माणूस. ग्रामपंचायतींना फायबरने जोडायची योजना केंद्राने २०११ मध्ये मंजूर केली, २०१५ मध्ये तिचं नाव भारतनेट झालं, आणि या पावसाळी डोंगरात अकराची टक्केवारी आजही दोन पायांवर चढते. टप्पे: एक. विलंब: चढावर अवलंबून.

राउटरच्या तक्त्यात सगळ्यात वर एक ओळ असते. कुठलाच रस्ता माहीत नसेल तर पाकीट कुणाच्या गळ्यात मारायचं, ते तिथे लिहितात. इंजिनिअर त्याला शेवटचं प्रवेशद्वार म्हणतात आणि कधी कधी ते ठरवलेलंच नसतं. या दोन तालुक्यांत ते कधीच मोकळं राहिलं नाही. तिथे कायमचं स्वारगेट लिहिलेलं आहे. वेल्ह्याहून भोरला जायचंय? नसरापूर, कापूरहोळ करत जाता येतं, पण जोडगाडी चुकली तर कुणीतरी सांगतंच, "त्यापेक्षा स्वारगेटला जा, तिथून भोर गाडी मिळंल." म्हणजे शेजारच्या तालुक्यासाठी आधी पुणे गाठायचं. सल्ला देणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही, कारण स्वारगेटहून सगळीकडे गाडी मिळते.

केळदच्या बाजूला कधी खाली कोकणात सोयरीक जमते. मढे घाटाच्या कड्यावर उभं राहिलं तर महाड तालुक्यातली वस्ती पायाखाली दिसते. वरंधा बंद असताना वऱ्हाड मात्र गाडीने न्यायचं, तेव्हा ती गाडी वेल्ह्याला येते, चेलाडी फाट्याला येते, पुण्यात शिरते, ताम्हिणी उतरते, माणगाव करते आणि मग महाडकडे वळते. नवऱ्याकडची दोन पोरं आणि एक मामा गाडीत जागा नाही म्हणून घाटाने उतरतात. वऱ्हाड मांडवात पोहोचेपर्यंत या तिघांची दुसरी पंगत उठलेली असते.